लागलेली माशी

बायकोच्या लाल चपलेपासून हे सुरू झालं. घरात घालायची फोमची चप्पल, पट्टा तुटलेला. मी तिले विचारलं बी नाई, सरळ ब्लेड लावलं. फोनवर पाह्यलं होतं की परदेशातले लोक मोठ्या शिकारी माशासाठी गळावर फोमची खोटी माशी बांधतात, आमिष म्हणून. नाव माशी, पण असते बेडकाएवढी! मले वाटलं, आपल्या तलावातली मरळ काय कमी शिकारी हाये?

केनवडच्या बाजारातून मोठे गळ आणले. फोमचा तुकडा बोटाएवढा कापायचा, पोटाले चीर द्यायची, त्यात गळ बसवून वरून दोरा आवळायचा. शेपटीले कोंबड्याची पिसं. दोरा ढिला राह्यला तर तुकडा गळावर गरगर फिरे, जास्त आवळला तर कापूनच जाय. महिनाभर मी ओसरीत हेच करत होतो.

"अवो, वावरात निंदण पडलं हाये अन् तुमी चपलीचे बेडूक करून राह्यले?" बायको म्हणे.

तलावावर तर लोक पोट धरून हसत. माह्या माशीले एक मासा लागत नव्हता. फक्त जाळं टाकणारे एक म्हातारे काका कधी हसले नाई. माशी दाबून पाहत म्हणाले, "बांधली तं मस्त हाये बापू. धीर धर."

श्रावणात एक दिवस त्यायनं मले बेशरमाच्या झुडपामागं नेलं. पाण्यावर परातीएवढा लाल झुबका हालून राह्यला होता. मरळीची पिल्लं. खाली कुठीतरी त्यायची माय राखण करत होती.

"पिल्लं मोठी होईस्तोवर आमी इकडं जाळं टाकत नाई," काका म्हणाले. "झुबक्यावर काई बी पडलं की ती तोंड घालते. भुकेनं नाई, लेकरायसाठी. कोनाले सांगू नको. तुले म्हणून दाखवलं."

खोटं कायले बोलू, मले त्यातलं एकच ऐकू आलं. तोंड घालते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. लाल माशी झुबक्याच्या मधोमध टाकली अन् पाणी फाटलं. हातभर मरळ! "लागली रे लागली!" मी एकटाच बोंबललो. फोटो काढला, घरी आलो. आता दाखवतो एकेकाले, असं वाटत होतं.

बायको मासा साफ करायले बसली. मधीच थांबली. "अवो, हिच्या पोटात काईच नाई. कितीक दिवसाची उपाशी होती ही?"

मी फोन काढून फोटो पाह्यला. मरळ माह्या हातात होती, अन् खाली पायापाशी, काठाच्या पाण्यात, लाल लाल दिसत होतं. पिल्लं तिच्या मागं काठापर्यंत आली होती. माहं तिकडं ध्यानच नव्हतं. मले माहीच लाज वाटली.

तसाच तलावावर पळालो. काका झुडपापाशी उभे होते, दुपट्ट्यानं बगळे हाकलत होते. झुबका फुटून पिल्लं सैरावैरा झाली होती.

"मरळ कुठी दिसून नाई राह्यली," ते म्हणाले. "तू पाह्यली का बापू?"

"नाई," मी म्हटलं.

त्यायनं दुपट्टा माह्या हातात देला. "मंग घे, हाकल जरासा. माहा खांदा भरून आला."

दुपारपर्यंत मी बगळे हाकलले. काका बाजूले बसून मले शाबासकी देत होते, तुह्यासारखं कोनी येत नाई म्हणत होते. मले बोलता आलं असतं. नाई बोललो.

फोटो अजून फोनात हाये, कोनाले दाखवला नाई. काका भेटले की आपुलकीनं विचारतात, "काय बापू, लागली का नाई तुह्या माशीले एकांदी?"

"नाई काका," मी म्हणतो. "माही माशीच खराब हाये."

"नाई रे," ते म्हणतात, "माशी चांगली हाये तुही."