खुराड्याला बसवलेली लिफ्ट

माझ्या हातात जादू आहे, असं मी बरीच वर्षं मानत आलो. घरात दुसरं कोणी मानत नाही. मी दुरुस्त केल्यापासून न्हाणीघरातला नळ दोन हातांनी उघडावा लागतो. दारावरची घंटा मी बदलली, तेव्हापासून फ्रिज सुरू झाला की ती वाजते. बायको आता घंटेकडे लक्षच देत नाही, त्यामुळे खरे पाहुणे खिडकीवर टकटक करतात. मेव्हणा मला 'इंजिनियर' म्हणतो. सुरुवातीला मला ते कौतुक वाटायचं.

मी लिफ्टचा मेकॅनिक होतो. उभी हयात परक्यांची दारं उघडण्यात गेली. लिफ्ट अडकली की मला बोलावणं यायचं आणि आत घाम पुसत उभ्या असलेल्या माणसांना मी बाहेर काढायचो. ती माझा हात हातात घेऊन आभार मानायची. निवृत्त झाल्यावर आभार मानणारं कोणी उरलं नाही. मग मी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बायकोच्या कोंबड्यांकडे बघत बसू लागलो. त्यांनी माझी दखल घेतली नाही.

कोंबड्या तिच्याच. सकाळी खुराडं उघडायचं आणि तिन्हीसांजेला त्यांना कोंडायचं, हे काम तिने कधी चुकवलं नाही. गल्लीतली मांजरं कुंपणावर टपलेलीच असतात. अशात तिच्या थोरल्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. बहीण एकटी राहते. महिनाभर ये, असं तिने फोनवर विनवलं. बायकोने फोन ठेवला, पलंगाखालची बॅग काढली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "जायला तर हवं. पण कोंबड्या कोण कोंडणार?"

चारचौघांसारख्या नवऱ्याला या प्रश्नाचं उत्तर लगेच सुचलं असतं. मला यंत्र सुचलं.

खुराड्याचं दार म्हणजे छोटी लिफ्टच, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. ॲल्युमिनियमच्या दोन खाचांमध्ये वरखाली सरकणारा पत्रा, पत्र्याला दोरी आणि दोरी ओढायला गाडीच्या वायपरची जुनी मोटर. मोटरवर ताण नको म्हणून दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन हवं होतं. त्यासाठी स्वयंपाकघरातला बत्ता कामी आला, आणि तो कुठे गेला हे बायकोला मसाला कुटायला घेतल्यावर कळलं. वीज सोलर पॅनेलमधून बॅटरीत जाणार होती. उजेड ओळखणारा एक सेन्सर बसवला. उजाडलं की दार वर, अंधारलं की खाली. इथे थांबलो असतो तर काम झालं असतं. पण लिफ्टच्या दारात कोणी उभं असेल तर दार मिटत नाही, आणि कोंबडीचा जीव काय स्वस्त आहे? म्हणून उंबरठ्यावर, मधे कोणी उभं आहे का ते ओळखणारा दुसरा सेन्सर लावला. शिवाय दार हलण्याआधी टिंग वाजणारी घंटा. कोंबड्यांना मजलाही सांगणार का, असं बायकोने विचारलं. मी त्यावर खरंच थोडा विचार केला.

पॅनेल मी खुराड्याच्या छपरावर ठोकलं. खुराडं झाडाखाली आहे, हे बॅटरी भरेना तेव्हा लक्षात आलं. मग पॅनेल घराच्या गच्चीवर गेलं आणि तिथून वायर अंगणभर आली. तिला अडखळून मीच दोनदा पडलो.

पहिल्या चाचणीला मी मागच्या पडवीतला दिवा लावून, खुर्ची टाकून, ऐटीत बसलो. अंधार पडला. कोंबड्या आत गेल्या. दार ढिम्म हलेना. मी मोटर उघडली, जोडणी तपासली, सेन्सर विकणाऱ्या दुकानदाराचा उद्धार केला. शेवटी वैतागून दिवा मालवला आणि जेवायला आत गेलो, तेवढ्यात मागे टिंग वाजलं आणि दार निमूटपणे खाली आलं. माझ्याच दिव्याला ते दिवस समजून बसलं होतं. मी घरात कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गुपचूप सेन्सर पलीकडच्या बाजूला हलवला.

मग कोंबड्यांमधल्या एकुलत्या एका कोंबड्याने मनावर घेतलं. त्याला उंबरठा आवडला. दार खाली यायचं, तो मधे उभा दिसला की वर जायचं, टिंग वाजायचं आणि हा मान ताठ करून तिथेच. बढती मिळालेला रखवालदारच जणू. टिंग ऐकून आतल्या कोंबड्या एकेक करून बघायला बाहेर आल्या. खाली, वर, टिंग, असं करत बॅटरीने मान टाकली. बायकोने सगळ्यांना आत हाकललं आणि दाराला फळी टेकवली. मी बॅटरीकडे बघत उभा होतो.

असेच दिवस गेले. मी सुधारणा करत होतो आणि पलंगावरची बॅग रिकामीच होती. ऑपरेशन परवावर आलं. त्या दुपारी मी पकड शोधायला घरात गेलो, तर बायको फोनवर बोलत होती. "नाही गं ताई," ती म्हणत होती, "नाही जमायचं बहुतेक. दार अजून चालत नाही." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. ती हळूच म्हणाली, "त्यांना कसं सांगू? ते कामात आहेत."

तरी माझं तोंड नेहमीसारखंच उघडलं. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांब, उंबरठ्यावरचा सेन्सर काढूनच टाकतो.

तिने फोन ठेवला. "अहो, मी गेले तर तुम्ही कुठे असणार?"

"कुठे म्हणजे? घरीच."

"मग दार हाताने लावलं तर काय बिघडतं?"

पकड शोधायला मी खण उघडला. आवाज न चढवता ती म्हणाली, "ताईचा फोन आला त्या दिवसापासून वाट बघतेय. वाटलं, तुम्ही म्हणाल, तू जा, मी कोंडतो त्यांना. सांगितलं असतं तर तुम्ही केलंच असतं हो. पण मला सांगायचं नव्हतं."

मी ओशाळलो. इतका ओशाळलो की हातातला स्क्रू ड्रायव्हर कुठे ठेवावा तेही कळेना. मग ते वाक्य मी म्हटलं. उशिरा, अडखळत, पण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. बॅगेत चारच दिवसांचे कपडे भरले होते. ते मी पाहिलं आणि का म्हणून विचारलं नाही.

संध्याकाळी मी बॅटरीची वायर काढली आणि मोटरची दोरी सोडली. कोंबड्या रांगेने आत गेल्या. त्यांच्यातली एक लंगडी मात्र कुंपणाजवळ बसून राहिली. तिला खुराड्यापुढचा चढ चढवत नाही, हे मला माहीतच नव्हतं. बायको तिला रोज उचलून नेत असणार. मी तिला उचललं. पत्रा हाताने खाली सरकवला, खिळा अडकवला आणि एकदा ओढून बघितला.

थोड्या वेळाने बायकोचा फोन आला. दार लागलं का, हे तिने विचारलं नाही. लंगडी आत आली का, एवढंच विचारलं.

"आणली," मी म्हटलं. "उचलून."

मागे दुखऱ्या गुडघ्यापायी ताई कण्हत असल्याचा आवाज येत होता. बायकोने विचारलं, "मग मी महिनाभर राहू?"

"राहा," मी म्हटलं.