चिरनेरच्या वाटेवरचा टेम्पो

गव्हाणच्या गंगाबाईला लिहिता येत नव्हतं, पण गाणी रचावीत तर तिनंच! हळदीला बसली की त्या घरातली माणसं, त्यांचे रुसवे, सगळं गाण्यात यायचं. गाणी गावोगाव गेली. तिचं नाव मात्र गव्हाणातच राहिलं. पुढं २००९ साली तिचं एक गाणं सीडीवर आलं, आणि त्याखाली छापलं काय, तर 'पारंपरिक'!

"म्हंजे मी मेले का रं?" ती लेकावर भडकली. घरात ती सीडी कुणाला लावू दिली नाही. तोंडानं शिव्या घालायची, पण आतून फार दुखावली होती बाई.

त्याच उन्हाळ्यात ती नेऱ्याला ओळखीच्या घरातल्या प्रांजलच्या लग्नाला गेली. पाठवणीची गाडी निघाली आणि वेशीवर थांबली. प्रांजलची आत्या शोभा नारळ घेऊन पुढं झाली.

"काय गो, गाडी बिघडली?" गंगाबाईनं विचारलं.

"नाय ओ मावशी, रीत हाय. नवरीची गाडी वाटंत एकदा थांबवायची. जुन्या गाण्यातच हाय." आणि बायांनी सूर धरला, 'चिरनेरच्या वाटेला बाय, टेम्पो थांबला...'

सीडीवरचं तेच गाणं! गंगाबाईला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे भरले.

"अगो बयांनो, कसली रीत? माज्या सत्यवतीला चिरनेरला दिली, तवा टेम्पो पंक्चर झाला व्हता! गाणं माजं हाय!"

"कायतरीच! आज्या-पणज्यांचं गाणं हाय ते," शोभा म्हणाली. आता आज्या-पणज्यांच्या काळात टेम्पो कुठून आला, हे एकीच्याही डोक्यात येऊ नये!

गंगाबाईचा चेहरा पडला. तेवढ्यात प्रांजलचे आजोबा काशिराम मान खाली घालून पुढं आले. "खरं बोलतेय ती. टेम्पो माजाच व्हता. स्टेपनी घ्यायला इसरलो व्हतो."

हशा पिकला. शोभानं कपाळावर हात मारून घेतला. गाडीच्या खिडकीतून प्रांजलनं विचारलं, "आजी, मग पुढं काय झालं?"

पुढचं गाण्यात नव्हतंच. लेक वाटेत अडकल्याचा निरोप आला तेव्हा गंगाबाई घरी रडत होती, आणि रडता रडता रचलेलं गाणं तिनं टेम्पो थांबला तिथंच सोडलं होतं. आता तिनं प्रांजलचा हात धरला आणि तिथंच रचलं, 'टेम्पो चालू झाला बाय, लेक सुखात पोचली.'

बायांनी ओळ उचलली. शोभानं नारळ फोडला आणि आपल्या पदरची एक ओळ घातली, 'गाणं कुणाचं, गाणं कुणाचं, गव्हाणच्या गंगाबाईचं!'

गंगाबाईनं डोळे पुसले. "ती शेवटची परत म्हणा गो," ती म्हणाली, "मला नीट ऐकू नाय आली."