उणे सातचा गोठा

लढाईच्या वर्षांत कुंडलला आमच्या घरात माणसं आठ, भाकरी सहा आणि म्हैस उघड्यावर होती. थोरला भाऊ पलटणीत गेलेला. मी सांगलीच्या हायस्कुलात, मॅट्रिकच्या वर्गात, म्हणजे घरातला सर्वांत शहाणा (माझ्या मते!).

सुट्टीत आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गोठा बांधायला काढला. कौलं अठ्ठावीस चौरस हातांपुरतीच होती आणि लांबी रुंदीपेक्षा तीन हात जास्त हवी होती.

"चार हात रुंद, सात लांब," गणूतात्या गवंडी तंबाखू मळता मळता म्हणाले.

"तात्या, असं अंदाजानं चालत न्हाई!" मी वही उघडली. रुंदी क्ष धरली, वर्गसमीकरण मांडलं, अवयव पाडले. उत्तरं दोन आली: चार आणि उणे सात. चार तर तात्यांनीच सांगितलं होतं, मग माझं शिक्षण कशाला? राहिलं उणे सात. उणे हातांची भिंत कशी बांधणार? चिन्ह तेवढं खोडलं.

"रुंदी सात, लांबी दहा!"

आबा म्हणाले, "बघ हं! गोठा बरोबर आला तर परत सांगली. न्हाईतर तूबी पलटणीत!"

कोपऱ्यासाठी तात्यांनी तीन, चार, पाच हातांवर गाठी मारलेली दोरी काढली.

"दोरीनं काटकोन होतो व्हय?" मी हसलो. (कर्णाच्या वर्गाचा हाच सिद्धांत मी आठवडाभर घोकला होता!) कंपासपेटीतला टीचभर कोनमापक मातीत मांडला आणि त्याच्या रोखानं दहा हात दोरी ताणली.

दुपारी पाया खणून होतोय तोच थोरल्या काकी ओरडल्या, "आवं भावजी! तुमचा गोठा माझ्या न्हाणीत आला की!"

निम्मं गाव जमलं. तात्यांनी कौलं जमिनीवर मांडून दाखवली. निम्मासुद्धा गोठा झाकेना!

"म्हशीनं पावसात तोंड ठेवायचं का शेपूट, तेवढं वहीत बघ रं गड्या!" तात्या म्हणाले.

सगळे हसले. आबा हसले नाहीत. माझ्याकडे न बघता खोरं घेऊन ते चर बुजवायला लागले. मला त्या चरातच आडवं व्हावंसं वाटलं.

"आबा, पलटणीत कवा जाऊ?"

"तू? नगं बाबा! तोफंचा कोन धरशील आन् आपल्याच थोरल्याला उडवशील. शाळंतच ऱ्हा. तिथं कुणी मरत न्हाई."

पुढं मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. फौजेच्या भल्यासाठी शिकवलेला!