तोरणाचा दोर माझ्या हातात होता

ही हकिगत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात पटेलकीच्या खटल्याचा विषय निघाला की मी उठून बागेत जायचो. मुलाने एकदा विचारलं, "बाबा, साक्षीला तर तुम्हीच होते ना?" मी म्हणालो, आता नीटसं आठवत नाही. तेही खोटं होतं. त्या दिवशी तहसील कचेरीतला पंखा कोणत्या बाजूला डुगडुगत होता, तेसुद्धा मला आठवतं.

मी पांढुर्ण्याला शाळेत मास्तर होतो. निवृत्त झाल्यावर रामाकोन्याच्या अलीकडे असलेल्या माझ्या गावी राहायला आलो. वडिलांची थोडी शेती होती, तिच्यात संत्रा लावला. आमच्या शेजारी गावच्या पटेलांचं घर. आमच्या भागात सरपंच निवडून येतो, पण पटेल तहसीलदार नेमतो. शेतसारा गोळा करायचा, पंचनाम्याला उभं राहायचं, पटवारी आला की त्याला सोबत घेऊन धुरे, म्हणजे शेतांचे बांध, दाखवायचे, ही त्याची कामं. हातात पडतं फारसं काही नाही. जे असतं ते मानाचं, आणि त्यातला सगळ्यात मोठा मान पोळ्याचा. तोरणाखालून पहिली जोडी पटेलाची जाते.

पटेल माझे बरोबरीचे, मित्र. त्यांना लकवा मारला आणि ते खाटेला खिळले. मुलगा नव्हता. एकच मुलगी, ती नवरा वारल्यावर आपल्या लेकीला घेऊन माहेरी आली होती. बापाचं काम तिने कधी उचललं ते गावाला कळलंच नाही. आधी वडिलांचा निरोप सांगायला जायची, मग निरोप न घेताच जायला लागली. धुऱ्यावरून भांडण झालं की लोक तिच्या ओसरीवर येऊन बसत. ती दोघांचं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "आता दोघंही चहा प्या अन् मंग भांडा." चहा पिऊन झाल्यावर बहुतेक वेळा कोणी भांडत नसे. पोळ्याला वडिलांची जोडी सालदार धरायचा आणि ती ओवाळणीचं ताट घेऊन पुढे चालायची. पहिली जोडी तीच. त्यावर कोणी कधी बोललं नाही.

पटेल गेले ते थंडीत. कोटवाराने, म्हणजे गावच्या चौकीदाराने, डोंडी पिटली की पटेलाची जागा रिकामी आहे, ज्याला अर्ज करायचा त्याने करावा. दोन अर्ज गेले. एक तिचा, दुसरा तिच्या चुलतभावाचा.

चुलतभाऊ वाईट माणूस नव्हता, हे इथेच सांगतो. त्याच्या मनात जुनं शल्य होतं. त्याचे वडील थोरले असून मागच्या पिढीत पटेलकी धाकट्याकडे, म्हणजे हिच्या वडिलांकडे गेली होती. ते गेलेलं आपण परत आणतो आहोत असं तो मानत होता. आणि घराण्यात पुरुष असताना बाई पटेल, हे त्याला लाजिरवाणं वाटत होतं. तसं वाटणारे गावात आणखीही होते. तिच्या ओसरीवर चहा पिणारेसुद्धा होते त्यांत.

निकाल लागायच्या आत पोळा आला.

आमच्या गावी तोरणाचा दोर एका बाजूने खांबाला बांधलेला असतो. दुसरं टोक पटेलाच्या घराण्याबाहेरचा एखादा वडीलधारा माणूस धरून उभा राहतो. मानाची जोडी समोर आली की त्याने दोर सैल सोडायचा, तोरण खाली येतं, बैल त्याखालून जातात आणि पोळा फुटतो. मी गावी आल्यापासून ते टोक माझ्याकडे होतं.

त्या वर्षी तोरणासमोर दोन जोड्या येऊन उभ्या राहिल्या. दोन्हींच्या शिंगांवर सजावटीचे मखर बांधलेले. एका बाजूला सालदार आणि ताट घेतलेली ती, दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ, आणि त्याच्यामागे काठ्या घेतलेली पाच-सात पोरं. कोणी मागे सरेना. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, थांबल्या. मागून एक जण म्हणाला, "गुरुजी, दोर सोडा, नाही तं बैल इथंच म्हातारे होतीन." लोक हसले, पण ते हसणं घाबरल्याचं होतं. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार. नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीचा तो मेळा असतो म्हणून आसपासच्या ठाण्यांतले सगळे पोलीस तिकडे गेलेले असतात. इथे डोकी फुटली असती तर सोडवायला कोणी आलं नसतं.

मी दोर शेजारच्याच्या हातात दिला आणि तिच्याजवळ गेलो. हळूच म्हणालो, "बाई, या सालापुरती तुझी जोडी मागे घे. पटेल कोण ते तहसीलदार ठरवीन. पोळ्याने काही ठरत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगून राहिले म्हणून थांबवते, काका," ती म्हणाली. "त्याच्यासाठी नाही. ध्यानात ठेवा."

तिने सालदाराला खूण केली. बैल मागे सरले. मी परत येऊन दोर सोडला आणि चुलतभावाची जोडी तोरणाखालून गेली. भांडण टळलं म्हणून घरी येऊन मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

सुनावणी दिवाळीनंतर तहसिलीच्या गावी, सौसरला झाली. दोन्हीकडचे साक्षीदार झाल्यावर तहसीलदारांनी मला बोलावलं, गावातला जुना आणि कोणाच्याच बाजूचा नसलेला माणूस म्हणून.

त्याच्या आदल्या आठवड्यात चुलतभाऊ माझ्या बागेत आला होता. धमकी नाही, काही नाही. माझ्या बागेत जायला कागदावर रस्ता नाही. संत्रा बाहेर काढायचा तर त्याच्याच धुऱ्यावरून. तो म्हणाला, "गुरुजी, ट्रॅक्टर बिनधास्त आमच्याकडून न्या, मी काटे काढून ठेवले." मी त्याला पाणी दिलं, तो पाणी पिऊन गेला. एवढंच झालं.

आमचा भाग मराठी, पण राज्य हिंदी, म्हणून कचेरीत कामकाज हिंदीत चालतं. चुलतभावाच्या वकिलाने दोनच गोष्टी विचारल्या. पोळ्याला पहिली जोडी कोणाची गेली? मी सांगितलं, याची. कोणी हरकत घेतली? मी सांगितलं, नाही. दोन्ही उत्तरं खरी होती. तिचा वकील सौसरचा, नवखा. वडील किती काळ आजारी होते, काम कोण पाहत होतं, हेच तो विचारत राहिला. पोळ्याकडे वळलाच नाही. मग तहसीलदारांनी मान वर करून मला विचारलं, "और कुछ कहना है आपको?"

तिचा जबाब आधीच होऊन गेला होता, ती समोरच्या बाकावर बसली होती. ती पुढे सरकली. मी तोंड उघडण्याची ती वाट पाहत होती, आणि मला ते दिसत होतं.

मी म्हणालो, "जी नहीं."

तेव्हा माझ्या मनात रस्त्याचा विचार नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. कोर्टात विचारतील तेवढंच बोलावं, वाढवू नये, असं कारणही शोधून ठेवलं होतं. मी मास्तर माणूस. वर्गात अर्धं उत्तर देणाऱ्या मुलाला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत.

उन्हाळ्यात आदेश निघाला. दोघंही लायक आहेत, पण गावाने रूढीप्रमाणे पहिला मान चुलतभावाला दिला, अर्जदार स्त्रीने तिथे हरकत घेतली नाही, म्हणजे तिलाही ते मान्य होतं, असं त्यात म्हटलं होतं. पटेलकी त्याची झाली.

तिने एसडीएमकडे, म्हणजे प्रांतसाहेबाकडे, अपील केलं. त्याआधी एका शनिवारी ती जामसांवलीहून मारुतीचा प्रसाद घेऊन आमच्याकडे आली. माझ्या बायकोशी इकडचं तिकडचं बोलली, मग माझ्याकडे वळली. "काका, एक शपथपत्र पाहिजे होतं. जास्त काही नाही. तुमी म्हटलं म्हणून मी बैल थांबवले, एवढंच."

मी म्हणालो, डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला चाललो आहे, आल्यावर पाहू. ऑपरेशन खरं होतं. परत आल्यावर बरेच दिवस काळा चष्मा लावून ओसरीवर बसलो. ती रस्त्यावरून जायची, तब्येत विचारायची, शपथपत्राचं नाव काढायची नाही. अपील फेटाळलं गेलं. पुढे जबलपूरला कमिश्नरकडे गेलं, तिथेही तेच. खालच्या कोर्टात जे सांगितलं गेलं नाही ते वर कोणी ऐकून घेत नाही.

नव्या पटेलाने काम ठीक केलं, हेही लिहायला हवं. माझा रस्ता त्याने कधी अडवला नाही. पण धुऱ्याचं भांडण झालं की त्याच्याकडे जाऊन येणारे लोक नंतर तिच्या ओसरीवर यायचे. तिने ते बंद केलं. "आता पटेल ते आहेत, त्यांनाच विचारा," म्हणायची, पण चहा द्यायची. पुढच्या पोळ्याला तिची जोडी ओळीत सगळ्यात मागे उभी होती. त्याच्या पुढच्या वर्षी बैल विकले होते. तिची लेक नागपूरला दवाखान्यात नर्स झाली आणि आईला बोलावू लागली. बापाचं घर आणि बापाचं काम यांसाठी ती गावात टिकून होती. काम गेल्यावर घराला तरी किती दिवस धरून बसणार?

ती जाणार होती त्या सकाळी मी चालत फाट्यावर गेलो. तिच्याजवळ एक पेटी, एक पिशवी. सामान आणून देणारा सालदार परत फिरला होता. वाटेत मी वाक्य पाठ केलं होतं. मला आवडायचं नाही तसं, शाळेत भाषण पाठ केल्यासारखं: बाई, तुला मी थांबवलं आणि तुझ्या वेळेला मी बोललो नाही, कारण मला माझ्या बागेचा रस्ता हवा होता, मला माफ कर.

"काका, एवढं कायले चालत आले," ती म्हणाली आणि मला बसायला पेटी सरकवली.

मी बसलो. थोडा वेळ दोघंही सौसरकडून येणाऱ्या गाड्या पाहत राहिलो.

मग तिने विचारलं, "बागेचा रस्ता सुरू आहे ना?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बोलता आलं असतं. तिला पहिल्यापासून माहीत होतं, शपथपत्र मागायला आली तेव्हासुद्धा माहीत होतं, आणि तरी ती मागायला आली होती. मी तिच्याकडे न पाहता म्हणालो, "सुरू आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. "संत्रा असा पडून राहिला असता तं बाबाले वाईट वाटलं असतं."

बस आली. मी पेटीवरून उठलो, कंडक्टरने ती आत घेतली. ती पायरीवर चढून माझ्याकडे वळून थांबली, मी काही बोलणार आहे हे दिसत असल्यासारखी. सगळं वाक्य माझ्या ओठांवर होतं.

मी म्हणालो, "पाणी घेतलं का सोबत?"