दारासमोरच्या पायऱ्या

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर फाटकाशेजारची नवी पाटी दिसली, तेव्हा तुम्ही दोघांनी विचारलंत की आपलं घर आता म्युझियम झालं का. नाही झालं. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होतात, मागच्या दोरीवर माझे टॉवेल वाळतात. पण आपलं घर शहराच्या वारसा यादीत गेलं आहे, म्हणजे ते आता कुणाला पाडता येणार नाही. हे कसं झालं ते फोनवर सांगायला घेतलं तर तुमची आई दर वाक्याला दुरुस्ती सुचवेल, म्हणून तुमची आजी हे लिहून पाठवते आहे. शांतपणे, क्रमाने वाचा.

घर बांधलं तुमच्या आजोबांच्या आजोबांनी. तेव्हा बसवनगुडीत, शहराच्या या जुन्या भागात, रस्ता रुंद होता आणि घरं ठेंगणी होती. आता आपल्या दोन्ही बाजूंना उंच इमारती आहेत आणि मधे आपलं कौलारू घर आहे, वर्गातल्या फोटोत दोन उंच मुलांच्या मधे बसवलेल्या मुलासारखं. ते माझ्या आणि अण्णाआजोबांच्या, म्हणजे तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाच्या, नावावर आहे. अण्णाआजोबा सर्जापूर रोडला मुलाकडे राहतात. एक बिल्डर त्यांच्याकडे कधीपासून खेपा घालत होता. अण्णाआजोबांनी त्याला हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. मला घर उभं राहायला हवं होतं, माझ्यानंतरही. यादीत नाव जायचं तर दोघांच्याही सह्या लागणार होत्या.

मी वारसा यादीचा विषय काढला तेव्हा ते लगेच तयार झाले. त्याचं कारण तुम्हाला माहीत आहेच. आपले पूर्वज राजांच्या फौजेबरोबर इथे आले आणि इथलेच झाले, ही गोष्ट ते टॅक्सीवाल्यालासुद्धा सांगतात. चारशे वर्षांच्या घराण्याला पाटी मिळणार याचा त्यांना फार आनंद झाला.

पाहणीला एक तरुण आर्किटेक्ट येणार होती. त्या दिवशी मी सकाळी बँकेत गेले होते. परत येऊन पाहते तर अण्णाआजोबांनी हॉलचं रूप पालटलेलं. देवघरातली तलवार, जी आपण खंडेनवमीला पुजतो, ती घासूनपुसून भिंतीवर आडवी टांगली होती. तिच्याखाली त्यांच्या वडिलांची पगडी स्टुलावर ठेवली होती. आणि दारासमोरच्या भिंतीतल्या लाल पायऱ्यांवर वरपासून खालपर्यंत सतरंजी अंथरली होती.

त्या पायऱ्या तुम्ही पाहिल्या आहेत, लहानपणी त्यांवरून उड्याही मारल्या आहेत. इतर घरांत नवरात्रात बाहुल्या मांडायला लाकडी फळ्या लावतात आणि सण झाला की काढून ठेवतात. आपल्याकडे त्या पायऱ्या भिंतीतच बांधलेल्या आहेत, जमिनीसारख्याच लाल गिलाव्याच्या. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून त्यांच्यावर वर्षभर वर्तमानपत्रं, छत्र्या आणि विजेची बिलं असतात. अण्णाआजोबांना वाटलं, सरकारी पाहुण्यांसमोर हा बायकांचा पसारा कशाला.

ती मुलगी बेळगावकडची निघाली, त्यामुळे मराठीतच बोलली. तिने कौलं पाहिली, खिडक्यांवरची लाकडी जाळी पाहिली, अण्णाआजोबांचा इतिहास ऐकून घेतला. तलवारीचा फोटोही काढला, पण एकच. मग ती पुन्हा रस्त्यावर गेली, फाटकातून आत बघत उभी राहिली, आणि सरळ येऊन तिने सतरंजीचं टोक उचललं.

"हे झाकलंय कशाला वो, अण्णा?"

"तिथे काही नाही. बाहुल्या मांडायची जागा."

ती पायऱ्यांसमोर खाली बसली. मग मला दारात उभं करून म्हणाली, बघा, फाटक, दार आणि पायऱ्या एका रेषेत आहेत. खांबसुद्धा मधे येऊ नयेत म्हणून बाजूला घेतलेत. रस्त्यावरून जाणाऱ्याला बाहुल्या दिसाव्यात म्हणून हे घर असं बांधलं आहे. असं घर तिने दुसरं पाहिलं नव्हतं. तिच्या मते यादीत जाण्यासारखं कारण हेच होतं. घराणं चारशे वर्षांचं असेल, पण घर तितकं जुनं नाही, हेही तिने नम्रपणे सांगितलं.

ती गेल्यावर अण्णाआजोबांनी चहाही घेतला नाही. "वहिनी, तलवारीचं घराणं आपलं, आणि पाटीवर काय येणार? बाहुल्यांचं घर?"

"तलवार तुमच्या फ्लॅटमध्येही टांगता येईल, भावजी," मी म्हटलं. "पायऱ्या नेता येणार नाहीत."

त्यांनी सही केली नाही. बिल्डरशी बोलतो म्हणाले आणि गेले. तलवार मात्र भिंतीवरच राहिली.

मी वाद घातला नाही. वाद घालून अण्णाआजोबांनी मत बदललेलं मी आजवर पाहिलेलं नाही. नवरात्र जवळ आलं होतं. मी फोन करून सांगितलं की माळ्यावरच्या बाहुल्यांच्या पेट्या मला उतरवता येत नाहीत, तुम्ही नवरात्रभर राहायला या. हे खरंच होतं. ते कुरकुरत आले.

बाहुल्या मांडल्या. वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी, मग देव, मग लग्नाची वरात, सगळ्यात खाली वाणी, कुंभार, हत्ती. आपल्या घरची रीत तुमच्या आईने तुम्हाला सांगितली असेल: दिवे लागले की दाराची दोन्ही कवाडं उघडायची, आणि येणाऱ्याला कोण, कुठले, असं विचारायचं नाही. बघू द्यायचं आणि द्रोणात हरभऱ्याची उसळ द्यायची. माझे गुडघे दुखतात म्हणून मी अण्णाआजोबांना दारातल्या वेताच्या खुर्चीवर बसवलं. येणाऱ्यांना ते पायऱ्या सोडून तलवारच दाखवत होते.

अष्टमीच्या संध्याकाळी शहराच्या पार उत्तर टोकाच्या येलहंक्याहून एक बाई सुनेचा हात धरून आल्या. त्या माझ्याहून वयाने मोठ्या असाव्यात. कन्नडमध्ये सांगू लागल्या की त्यांची आई देवळाजवळ फुलं विकायची. तेव्हा या रस्त्यावर बाकीच्या घरांत त्यांच्यासारख्या मुलींना कुणी आत बोलवत नसे, आणि इथे बोलवावं लागतच नसे. त्या पायऱ्यांपाशी गेल्या आणि खालच्या हत्तीकडे बघून हसल्या.

मग त्यांनी मला विचारलं, "तो लाकडी तलवारवाला पोरगा आता कुठं असतो, अक्का?"

मला काही कळेना. त्या म्हणाल्या, या घरातला एक मुलगा पायऱ्यांपाशी लाकडी तलवार घेऊन पहारा द्यायचा. कुणी बाहुलीला हात लावला की तलवार आडवी करायचा. त्यांना फक्त एकदा हत्ती हातात घेऊ दिला होता, आणि वर दम भरला होता की सोंड तुटली तर बघ.

मी दाराकडे पाहिलं. अण्णाआजोबा खुर्चीतून उठले होते.

"सोंड तुटली होती," ते कन्नडमध्ये म्हणाले. "मार मी खाल्ला."

बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "कान तेच आहेत," त्या म्हणाल्या. सून तोंडाला पदर लावून हसू लागली. अण्णाआजोबांनी हत्ती उचलून बाईंच्या हातात दिला. सोंडेवरचा जुना जोड दाखवला. मग ते दोघं खालच्या पायरीवर बसून उसळ खात बराच वेळ बोलत राहिले. मी स्वयंपाकघरात होते, त्यामुळे काय बोलले ते माहीत नाही, पण नंतरच्या पाहुण्यांना त्यांनी तलवार दाखवली नाही. हत्ती दाखवला.

नवमीला तलवारीची पूजा झाली आणि त्यांनीच ती परत देवघरात ठेवली. मग खिशाला पेन नाही म्हणून माझं मागितलं.

"कुठे सही करायची, वहिनी? पण पाटीवर काय लिहितात ते मी आधी बघणार."

सरी, ठीक आहे, म्हटलं. त्यांनी पाहिलं. पाटी कन्नड आणि इंग्रजीत आहे. घर नवरात्रात सगळ्यांना खुलं असतं, दारासमोर बांधीव पायऱ्या आहेत, एवढंच तिच्यावर आहे. घराण्याबद्दल शेवटी अर्धी ओळ आहे. ती त्यांनी घालून घेतलीच.

परवा बिल्डरचा माणूस आला. त्याला पाटीचं ठाऊक नव्हतं. फाटकाशी उभा राहून त्याने ती वाचली. अण्णाआजोबा नेमके इथे होते. त्यांनी त्याला आत नेलं, वेताच्या खुर्चीवर बसवलं, कॉफी दिली, आणि पायऱ्यांपासून सुरुवात करून फौजेपर्यंत सगळा इतिहास ऐकवला. तो कॉफी संपवून निघून गेला.

पायऱ्यांवरची वर्तमानपत्रं आणि छत्र्या मी आता हलवल्या आहेत. बिलं मात्र अजून तिथेच असतात. त्यांना दुसरी सोयीची जागा सापडलेली नाही.