पालीचे सेनापती

आमच्या पाली गावच्या सेनापतींनी आयुष्यात साधं झुरळ मारलं नाही. त्यासाठी ते बायकोला हाक मारत. पण रोज सकाळी नाक्यावरच्या हॉटेलात चहा येईपर्यंत त्यांनी युक्रेनमध्ये चार देशांच्या फौजा उतरवलेल्या असत. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला हा किडकिडीत माणूस. 'सेनापती' हे नाव हॉटेलवाल्या बाबल्याने चेष्टेने ठेवलं आणि त्यांनी ते मानाने स्वीकारलं.

"जगाने नुसतं बघत बसायचं?" ते पेपर टेबलावर आपटत. "अणुबॉम्ब आहे म्हणून रशियाला घाबरलात, तर उद्या बॉम्बवाला कुणाच्याही घरात शिरेल!"

"आणि त्याने टाकलाच तर?" मी विचारायचो.

"टाकत नाही हो! बॉम्ब धाक दाखवायला असतो. घुसायला पाहिजे!"

बाबल्याचा मुलगा युक्रेनकडे जाणाऱ्या मालवाहू जहाजावर होता. बाबल्या भजी तळता तळता म्हणे, "सेनापती, आमचा पोरगा तिकडंच आहे. जरा सांभाळून घुसवा."

मग त्यांच्याच वाडीत लढाई आली. शेजारच्या शेवंतावहिनी एकट्या राहत. त्यांच्या पलीकडच्या दत्तारामाने एका सकाळी मधला हद्दीचा दगडी गडगा उचलून पाच हात अलीकडे, वहिनींच्या काजूंमध्ये आणून रचला. त्याच्याकडे रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक होती. तो ती उगाच खांद्यावर टाकून अंगणात फिरे.

वहिनी सेनापतींच्या कुंपणाशी आल्या. "भावोजी, तुम्ही नुसते येऊन उभे राहा."

सेनापतींनी चष्मा पुसला. "वहिनी, परिस्थिती गुंतागुंतीची आहे. मी तीव्र निषेध करतो."

"निषेधाने गडगा हलेल?"

त्यावर त्यांनी पडवीतली पहार आणून कुंपणावरून वहिनींच्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "खुशाल वापरा. फक्त माझं नाव घेऊ नका."

हा किस्सा हॉटेलात पोचला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. सेनापती दोन दिवस चहाला आले नाहीत.

वहिनींनी मात्र पदर खोचला आणि त्या पहारीने एकेक दगड काढून जुन्या जागी नेऊ लागल्या. दत्ताराम बंदूक घेऊन बाहेर आला, शिव्या देत. बाबल्या आणि मी रस्त्यावर उभे होतो. आत जायचं धाडस दोघांपैकी एकालाही झालं नाही.

तेवढ्यात सेनापतींचं दार उघडलं. बनियनवर, अनवाणी, ते चालत गेले आणि वहिनींच्या शेजारी उभे राहिले.

"तुमचं काय काम इथं?" दत्ताराम ओरडला.

 सेनापतींनी वाकून एक चिरा उचलायला घेतला. तो हलला नाही. वहिनींनी दुसरी बाजू धरली. मग बाबल्या रस्त्याकडच्या गडग्यावरून उडी मारून आत शिरला, आणि त्याच्यामागून मी. दत्तारामाने आम्हा चौघांकडे बघितलं आणि तो बंदूक घेऊन घरात गेला. संध्याकाळपर्यंत गडगा जागेवर होता.

त्यानंतर मी त्यांना छेडलं, "मग सेनापती, घुसायचं ना?"

"घुसायचं," ते म्हणाले. "पण तो बंदूक झाडणार नाही असं मी छातीठोकपणे सांगायचो ना, ते मला माहीत नव्हतं हो. तिथे उभं असतानाही माहीत नव्हतं."

यंदा शिमग्यानंतर सेनापती गेले. बाराव्याला आम्ही त्यांच्या अंगणात त्यांच्या फौजांच्या गोष्टी सांगत हसत होतो. फक्त शेवंतावहिनी हसल्या नाहीत.

"घाबरट माणूस होता," त्या म्हणाल्या. "दगड धरला तेव्हा हात नुसते लटलटत होते. तरी सोडला नाही."