चौदा वेळा तोडलेलं झाड

आमच्या गल्लीच्या तोंडावर एक पाटी आहे. गाडी धुऊ नये, चेंडू खेळू नये, मोठ्यानं गाणी लावू नयेत, घोळक्यानं उभं राहू नये वगैरे, अशी एकूण आठ 'नये' तिच्यावर आहेत. ती मिस्टर एल्वुड पिंकस्टन यांनी स्वतःच्या हातानं रंगवली. 'तक्रार करत बसू नये' हे नववंही त्यांना घालायचं होतं, पण फळी संपली.

मिस्टर पिंकस्टन आमच्या गल्ली-मंडळाचे अध्यक्ष. निवडणूक दरवर्षी होते, उमेदवार दरवर्षी एकच असतो. चौतीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं. निवृत्त झाले तरी विजारीच्या इस्त्रीला अजून अशी धार की तिच्यावर पाव कापावा. त्यांचं तत्त्वज्ञान छोटं आहे: काळ्या माणसानं कागद नीट ठेवावेत, वेळेवर पोचावं, अंगण स्वच्छ ठेवावं, मग त्याला अडवायची कोणाची छाती नाही. शहराच्या दक्षिणेला, आमच्या काळ्या वस्तीतले दिवे, रस्ते, शाळा का बिघडल्या, या प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच: "आपण पाठपुरावा करत नाही."

याच्या बरोबर उलट मत शेजारच्या घरात राहतं. तिथं त्यांची धाकटी बहीण मिस ऑर्नेटा असतात. एकतीस वर्षं सरकारी इस्पितळात रुग्णांची उठबस केलेल्या. त्यांचंही उत्तर एकच: "पत्ता वाचला की कचेरीतल्यांना कातडी दिसते."

दर रविवारी चर्चहून आल्यावर बहीण मक्याचा पाव आणि कोलार्डच्या पाल्याची भाजी वाढते आणि वाद सुरू होतो. मी शेजारी म्हणून जेवायला असतो आणि दोघांना पटेल अशी मान हलवतो.

"बाबांनी कत्तलखान्यात दोन-दोन पाळ्या केल्या," मिस ऑर्नेटा म्हणाल्या. "घराच्या कर्जासाठी बँकेत गेले तर बँकेनं तोंडावर दार लावलं. बाबा काय आळशी होते?"

"बाबा बोंबलत बसले नाहीत. दुसरं दार शोधलं त्यांनी."

"सापडलं?"

मिस्टर पिंकस्टन यांनी भाजी चावली. बराच वेळ चावली. "शोधलं," ते म्हणाले.

पण गेल्या वर्षी हा वाद ताटावरून उठून थेट झाडावर जाऊन बसला. मिस ऑर्नेटांच्या दारासमोर, पदपथाच्या कडेला, शहराच्या मालकीचं एक ॲशचं झाड होतं. किडीनं मेलेलं. त्याची हत्तीच्या पायाएवढी एक फांदी बरोबर त्यांच्या निजायच्या खोलीवर लोंबत होती. वारा सुटला की ती करकरायची. बाई बैठकीतल्या सोफ्यावर झोपू लागल्या.

"सोफ्यावर झोपायची गरज नाही," भाऊ म्हणाला. "मी फोन केलाय. तक्रारीचा क्रमांक मिळालाय."

"क्रमांक छपरावर ठेव. फांदी त्याला घाबरेल."

दर महिन्याला मिस्टर पिंकस्टन शहराच्या कचेरीत फोन करत, क्रमांक घेत आणि फायलीत लावत. फाईल निळी, क्रमवार, पारदर्शक पिशव्यांत. दरम्यान त्यांचा टपालातला जुना मित्र वॉल्ट यानिक, जो शहराच्या उत्तरेला राहतो आणि गोरा आहे, त्यानं सहज सांगितलं की त्याच्या दारातलं झाड अठरा दिवसांत तोडून नेलं.

"अठरा!" मिस ऑर्नेटांनी टेबलावर थाप मारली. "आता बोल!"

"वॉल्टनं अर्ज नीट भरला असेल."

"वॉल्टनं? तो स्वतःच्या बायकोचं नाव चुकवतो, एल्वुड!"

चौदा महिने झाले, चौदा क्रमांक झाले. एका वादळात फांदीनं पन्हळ उचकटून नेली. त्या सकाळी मिस्टर पिंकस्टन यांनी फोन उचलला नाही. चुलतभावाची यांत्रिक करवत आणली, दोर बांधले, आम्हा चौघांना हाताशी घेतलं आणि संध्याकाळपर्यंत झाड आडवं केलं. "याला म्हणतात जबाबदारी," घाम पुसत ते बहिणीला म्हणाले. बाईंनी आम्हाला लिंबू सरबत दिलं. भावाला शेवटचा पेला दिला, पण दिला.

पाचव्या दिवशी शहराचा माणूस आला. सार्वजनिक झाड विनापरवाना तोडल्याबद्दल दंडाची नोटीस.

"चौदा महिने वाट सापडली नाही," मिस ऑर्नेटा म्हणाल्या, "आणि दंडाला पाच दिवसांत घर सापडलं!"

"परवानगी घेतली नव्हती. चूक आपली," भाऊ म्हणाला, पण आवाजात नेहमीची इस्त्री नव्हती.

सुनावणीला मीच दोघांना गाडीतून नेलं. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या खुर्चीवर एक तरुण काळी बाई होती. मिस्टर पिंकस्टन यांनी बहिणीला कोपरानं ढोसलं. "बघ, खुर्चीवर कोण आहे."

"खुर्ची कोणाची आहे ते बघ."

भावानं फाईल उघडून चौदाही क्रमांक पुढे मांडले. त्या बाईंनी एकेक क्रमांक संगणकात घातला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "सर, या सगळ्या तक्रारींपुढे 'झाड तोडले, काम पूर्ण' अशी नोंद आहे."

"चौदाही?"

"चौदाही."

मिस्टर पिंकस्टन यांनी निळी फाईल मिटली. ज्या कागदांवर त्यांनी जन्मभर भरवसा टाकला, तेच तोंडावर खोटं बोलत होते. मग ते उठले, कोट नीट केला आणि म्हणाले, "मॅडम, आपल्या दप्तराप्रमाणे हे झाड माझ्याआधी चौदा वेळा तुटलंय. मग मी तोडलं ते कोणतं?"

त्या बाईंनी ओठ घट्ट दाबून हसू आवरलं आणि दंड रद्द केला.

पायऱ्यांवर मिस ऑर्नेटा टाळ्या पिटत होत्या. "चौदा वेळा बसल्या जागी 'झालं' लिहिलं! आता तरी कबूल कर!"

"फाईल होती म्हणून सुटलो!"

"वॉल्टला फाईल लागली?"

मिस्टर पिंकस्टन गर्रकन वळले. "नाही लागली! ऐकलंस? नाही लागली! झालं समाधान? आणि मग मी काय करू? फाईल फेकून देऊ? तुझ्या छपरावर फांदी लोंबत असताना 'त्यांची चूक' म्हणत खाली उभा राहू?" रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. मिस ऑर्नेटांच्या टाळ्या थांबल्या. घरापर्यंत गाडीत मी एकदाही मान हलवली नाही.

आता दारासमोर फक्त बुंधा उरलाय, दीड हात उंच. टपालवाला पोरगा त्याला दोनदा अडखळून पडला. बुंधा काढणं शहराचं काम. पण दप्तरात तिथं झाडच नाही, म्हणून बुंधाही नाही, असं कचेरीतून सांगतात. मिस्टर पिंकस्टन रोज सकाळी त्याच बुंध्यावर बसून फोन लावतात. परवा ओसरीतून मिस ऑर्नेटा ओरडल्या, "एल्वुड, चहा निवतोय! काय म्हणतात?"

भावानं हात वर करून त्यांना गप्प केलं. "थांब. फोन धरून दोन तास झालेत, माझा नंबर येतोय."

मिस ऑर्नेटांनी चहा तिथंच नेऊन दिला आणि बुंध्याच्या उरलेल्या कडेवर टेकल्या. "दे इकडे," त्या म्हणाल्या. "तू चहा पी. मी धरते."